डेक्कन कॉलेजातील विद्यार्थिजीवन : दक्षिणेपासून पदवीपर्यंत (१८२१–१९३४)

पुण्यात मुळा-मुठेच्या पलीकडे, येरवड्याच्या माळावर उभी असलेली डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आज पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि संस्कृत कोशरचना यांच्या संशोधनासाठी ओळखली जाते. परंतु १९३४ पर्यंत ती मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांची वास्तू होती आणि तिच्या भिंतींमागे राहून, जेवून, भांडून आणि अभ्यास करून महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या तीन-चार पिढ्या घडल्या. संस्थेचा इतिहास सांगताना प्राचार्यांची परंपरा द्यायची, पुढे नामवंत झालेल्या विद्यार्थ्यांची नावे जोडायची आणि प्रकरण संपवायचे, असा प्रघात आहे. प्रस्तुत प्रकरणात मात्र विद्यार्थी तेथवर पोहोचे कसा, त्याचा खर्च कोण उचले, तो राहत कोठे असे, परीक्षा कोणत्या देई आणि तेथे पोहोचू न शकणारे कोण होते, या बाजूने त्या काळाकडे पाहिले आहे. यांपैकी शेवटचा प्रश्न पुण्यात बसून सहसा सुचत नाही. सातपुड्यातील काठीसारख्या गावाच्या बाजूने पाहिले म्हणजे तो टाळता येत नाही.

संस्थेचा प्रारंभ ६ ऑक्टोबर १८२१ रोजी झाला. पेशवाई बुडून तेव्हा तीन वर्षे लोटली होती आणि मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे पुण्यातील विद्वान ब्राह्मणवर्गाला नव्या राजवटीशी जुळवून घेण्याचा प्रश्न होता. त्याचे साधन त्यांना पेशव्यांच्याच कारभारात सापडले. श्रावण महिन्यात शास्त्रीपंडितांना व भिक्षुकांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केली होती, असे मानले जाते. पेशव्यांनी ती आपल्याकडे घेतली आणि पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात, म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेल्या मोकळ्या आवारात, तिचे वाटप होऊ लागले. कंपनी सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातला काही भाग वळवून दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' ही संस्कृत पाठशाळा उघडली. तेथे न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष आणि वैद्यक हे विषय जुन्या पद्धतीने शिकवले जात.

या पाठशाळेतील विद्यार्थी फी भरत नसे, उलट त्याला दरमहा वेतन मिळे. आजच्या वाचकाला हे शिष्यवृत्तीसारखे वाटेल, पण त्यामागची कल्पना निराळी होती. शिष्यवृत्ती गुणांसाठी किंवा गरजेसाठी मिळते. हे वेतन दक्षिणेतून निघालेले असल्यामुळे ते घेण्याचा अधिकार प्रथम जन्मावर आणि मग अध्ययनावर अवलंबून होता. राज्य बदलले, वाडा सरकारजमा झाला, तरी विद्यार्थी कोणाला म्हणायचे याची व्याख्या पेशवाईतलीच राहिली.

ती व्याख्या बदलण्यास तीस वर्षे लागली आणि त्या बदलाची भांडणे पुण्यातच झाली. १८३७ पासून मेजर थॉमस कँडी हे पाठशाळेचे अधीक्षक होते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेल्या या अधिकाऱ्याच्या काळात पाठशाळेत देशी भाषा आणि नवी शास्त्रे यांना जागा मिळू लागली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज सरकारकडे केला. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी हे या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी होते. जुन्या मंडळींचा विरोध इतका तीव्र होता, की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले यांनी आपल्या आखाड्यातील तरुण उभे केल्याची नोंद सापडते. या खटपटीतून मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. दुसरीकडे ७ जून १८५१ रोजी ही पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' स्थापन झाले. इंग्रजी शिकलेला आणि संस्कृत शिकलेला हे दोन वेगळे प्राणी समजण्याची तोवरची सवय या एकत्रीकरणाने निदान कागदावर मोडली. पुढे काही वर्षे या महाविद्यालयाचे प्राचार्यपद एडविन अर्नोल्ड यांच्याकडे होते, ज्यांचे नाव बुद्धचरित्रावरील 'द लाइट ऑफ एशिया' या १८७९ च्या काव्यामुळे जगभर झाले.

दक्षिणेचा पैसा यापुढे 'दक्षिणा फेलो' या रूपाने महाविद्यालयात आला. फेलो म्हणजे पदवी मिळवल्यानंतर महाविद्यालयातच राहून पुढील परीक्षेचा अभ्यास करणारा आणि त्या मोबदल्यात खालच्या वर्गांना शिकवणारा तरुण. शंकर पांडुरंग पंडित यांच्यापासून गोपाळ गणेश आगरकरांपर्यंत अनेकांनी या महाविद्यालयात शिकतानाच शिकवण्याचे काम केले. रमण्यातील दान गुणवत्तेच्या कसोटीवर मिळणारे मानधन झाले. संस्थेच्या पहिल्या पन्नास वर्षांत याहून मोठा बदल दुसरा झाला नाही.

येरवड्याचे वसतिगृह

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्याचे महाविद्यालय त्याला जोडले गेले. 'जोडले जाणे', म्हणजे संलग्नता, याचा अर्थ असा की शिकवणे महाविद्यालयाचे, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. मुंबई विद्यापीठ त्या काळी वर्ग भरवत नसे. ते परीक्षा घेणारे मंडळ होते. विद्यार्थ्याचे जगणे त्यामुळे पूर्णपणे महाविद्यालयाच्या आवारात घडे आणि विद्यापीठाशी त्याची गाठ परीक्षेच्या मांडवात व पदवीदानाच्या दिवशी पडे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाल्यावर पुणेकर परीक्षार्थीचा मुंबईचा प्रवास सोपा झाला.

१८६४ मध्ये संस्थेला 'डेक्कन कॉलेज' हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी येरवड्याला नव्या इमारतीची पायाभरणी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी केली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याने या इमारतीसाठी १ लाख रुपयांची देणगी दिली, तर आराखडा लष्करी अभियंते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा होता. काळ्या पाषाणात, युरोपातील मध्ययुगीन वास्तूंच्या धाटणीने बांधलेली, मधोमध मनोरा आणि दोन्ही अंगांना राहण्याच्या खोल्या असलेली ही वास्तू १८६८ मध्ये वापरात आली. वर्ग, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या एकाच रचनेत बसवलेल्या होत्या, हे तिचे वैशिष्ट्य. ते केवळ स्थापत्याचे नव्हते. गावातला वाडा सोडून नदीपलीकडे जाणे म्हणजे घर, शेजार, जातपंचायत आणि पेठेतली नजर या सगळ्यांपासून काही महिन्यांपुरते का होईना दूर जाणे होते. शहरापासूनचे कोस-दोन कोसांचे अंतर त्या काळी पायी तोडावे लागे आणि म्हणून ते अंतर खरे होते.

नदीनेही या जीवनाला आकार दिला. खाली मुळा-मुठेवर जमशेटजींच्याच देणगीच्या मोठ्या वाट्यातून १८५० च्या सुमारास बंधारा बांधला गेला होता आणि त्यामुळे वरच्या पात्रात बारमाही पाणी साचून राहत असे. त्या पाण्यावर विद्यार्थी नावा वल्हवू लागले, त्यांचा नौकाक्लब झाला आणि नौकानयन ही डेक्कन कॉलेजची ओळख बनली. ज्या घराण्याच्या पैशातून व्याख्यानाच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्याच घराण्याच्या पैशातून वल्ह्याखालचे पाणीही अडले, हा योगायोग संस्थेच्या जुन्या लेखनात फारसा नोंदवलेला दिसत नाही. क्रिकेट, कुस्ती आणि पोहणे यांनाही तेथे मान होता. बाळ गंगाधर टिळक १८७३ मध्ये दाखल झाले तेव्हा त्यांनी पहिले वर्ष अभ्यासाऐवजी व्यायामाला दिले, तालीम आणि नदी यांत शरीर कमावले आणि त्या पायी परीक्षेचे एक वर्ष गमावले, हे त्यांच्या चरित्रकारांनी एकमुखाने नोंदवले आहे. औषधांच्या बाटल्या बाळगणाऱ्या नाजूक सोबत्यांच्या बाटल्या ते खिडकीबाहेर फेकत, अशीही आठवण सांगितली जाते. सोबत्यांना ती किती रुचली असेल, याविषयी चरित्रकार मौन पाळतात.

जेवणाची व्यवस्था विद्यार्थ्यांच्या 'क्लबां'तून होई. क्लब म्हणजे काही विद्यार्थ्यांनी वर्गणी करून आचारी ठेवणे, धान्य भरणे आणि महिन्याअखेर हिशेब वाटून घेणे. आजच्या मेसचा तो पूर्वज होय. पंक्ती जातीने ठरत आणि सोवळेओवळे पाळले जाई, त्यामुळे वर्गात एका बाकावर बसून मिल आणि स्पेन्सर वाचणारे विद्यार्थी जेवताना आपापल्या पंक्तीत परतत. हा विरोधाभास त्या पिढीतील काहींना पुढे फार बोचला. आगरकरांनी सामाजिक सुधारणेवर जे निर्भीड लेखन केले, त्याची बीजे ग्रंथालयात आणि खोलीतल्या वादांत होती, तशी ती या रोजच्या विसंगतीतही असली पाहिजेत.

परीक्षांची रचना त्या काळात वारंवार बदलली. मॅट्रिक्युलेशन, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, उतरल्यावर विद्यार्थी महाविद्यालयात येई. पुढे 'प्रीव्हियस', 'इंटर' आणि बी.ए. असे टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यासाठी 'टर्म भराव्या' लागत. टर्म भरणे म्हणजे ठरावीक दिवस वर्गात हजर राहून प्राचार्यांचे प्रमाणपत्र मिळवणे. ते नसले तर कितीही तयारी असली तरी परीक्षेला बसता येत नसे. प्राचार्यांचा विद्यार्थ्यांवरील खरा अधिकार या कागदात होता. नापास होणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि मॅट्रिक उत्तीर्ण होणे हीसुद्धा नावापुढे लिहिण्याजोगी गोष्ट समजली जाई. मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. तिचा मान आजही टिकून आहे.

शिक्षकांमध्ये युरोपीय आणि देशी अशा दोन्ही प्रकारची माणसे होती. इंग्रज कवी वर्ड्सवर्थ यांचे नातू विल्यम वर्ड्सवर्थ काही काळ प्राचार्य होते. जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकवले आणि त्यांच्यानंतर १८९३ पर्यंत रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या जागी होते. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवणारे फ्रान्सिस सेल्बी पुढे प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांच्या आठवणींत सर्वांत जिव्हाळ्याचे नाव येते ते केरो लक्ष्मण छत्रे यांचे. गणित आणि ज्योतिष यांच्या या अध्यापकांकडे पदवी नव्हती. त्यांचे शिक्षण विद्यापीठापूर्वीच्या काळातले होते. पदवी देणाऱ्या यंत्रणेत पदवी नसलेला माणूस सर्वांत आदरणीय गुरू ठरावा, यावरून त्या काळी विद्वत्ता आणि प्रमाणपत्र यांची सांधेजोड अजून घट्ट झालेली नव्हती, हे कळते. पुढे इतिहासाचे प्राध्यापक एफ. डब्ल्यू. बेन यांनी, भारतीय कथांचा बाज घेतलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकांसाठीही, नाव मिळवले.

मराठीला मात्र या सगळ्यात जागा नव्हती. विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांनंतर देशी भाषा वरच्या परीक्षांतून वगळल्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषांना महत्त्व आले. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीने एम.ए.च्या अभ्यासक्रमात पुन्हा पाऊल टाकले. म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ मध्ये येथून बी.ए. झाले आणि १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ज्या भाषेत ते लिहीत होते ती त्यांच्या पदवीचा भाग नव्हती. टिळक १८७६ मध्ये पहिल्या वर्गात बी.ए. झाले, आगरकर त्यांच्यानंतर दोन वर्षांनी; एल्एल.बी. आणि एम.ए. यांच्या तयारीसाठी दोघेही महाविद्यालयात असताना, १८७९ च्या सुमारास, सरकारी नोकरी न करता स्वतंत्र शाळा काढण्याचा त्यांचा विचार पक्का झाला. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या पहिल्या आठवड्यात 'मराठा' व 'केसरी', १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज अशी ती साखळी आहे. सरकारी खर्चाने चालवलेल्या वसतिगृहात सरकारपासून स्वतंत्र शिक्षणसंस्थांची योजना आखली गेली, ही घटना महाविद्यालयाच्या इतिहासात अभ्यासक्रमातील कोणत्याही बदलापेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १८९० च्या सुमारास येथून बी.ए. झाले. आपल्या शिक्षणाचा हिशेब मांडताना त्यांनी वर्गातील अध्यापनाविषयी कठोर मत दिले आहे. जे कमावले ते ग्रंथालयात आपल्या मर्जीने वाचून आणि नियमित व्यायाम करून, असा त्यांचा सूर आहे. राजवाड्यांचा स्वभाव लक्षात घेता त्यातील कठोरपणा थोडा कमी करून वाचावा लागतो. तरीही वाचण्यास भरपूर पुस्तके, राहण्यास खोली आणि फारशी विचारपूस न करणारी व्यवस्था एवढे मिळाले तर असा विद्यार्थी काय करू शकतो, हे त्यावरून दिसते. पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट विसाव्या शतकाच्या आरंभी येथे शिकत होते. चाफेकर बंधूंच्या गटाशी संबंध असलेल्या दामोदर बळवंत भिडे यांच्याशी त्यांचा येथेच परिचय झाला, त्यांनी देशकार्याची शपथ घेतली आणि नंतर मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले. बापटांचे एक आवडते प्राध्यापक बेन होते. साम्राज्याचा इतिहास शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकावर लोभ आणि साम्राज्य उलथण्याची शपथ, ही दोन्ही एका विद्यार्थ्याच्या मनात नांदू शकत होती.

उंबरठ्याबाहेरचे

या जगात स्त्री विद्यार्थिनी आली ती १८८० च्या दशकात. कॉर्नेलिया सोराबजी यांनी डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला, सर्व पुरुष विद्यार्थ्यांत त्या एकट्या होत्या आणि काही सहाध्याय्यांनी त्यांना वर्गाबाहेर ठेवण्याच्या खोड्याही केल्या. दशक संपण्यापूर्वीच त्या पहिल्या वर्गात बी.ए. झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. गुणांच्या जोरावर इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमवला, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात गेल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी तेथील कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. महाविद्यालयाचे दार उघडले, पण शिष्यवृत्तीच्या नियमांनी ते आतून लावून घेतले, असा हा प्रकार होता.

दुसरा उंबरठा भूगोलाचा आणि जातीचा होता. डेक्कन कॉलेज हे दख्खनसाठीचे सरकारी महाविद्यालय होते आणि खानदेश त्या प्रदेशात मोडत होता. काठी हे आज नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे; उंच बांबूचा होळीदांडा, मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक आणि पहाटे पेटणारी होळी पाहण्यास दूरदूरचे लोक तेथे जमतात. एकोणिसाव्या शतकात काठी ही पश्चिम खानदेशातील मेवासी जहागिरींपैकी एक होती. मेवासी म्हणजे डोंगराळ मुलखातील ते भिल्ल सरदार, ज्यांच्यावर मैदानातील राजवटींचा अंमल कधीच पुरता बसला नव्हता आणि ज्यांच्याशी ब्रिटिशांनी थेट वसुलीऐवजी करारांचे संबंध ठेवले. खानदेशच्या कलेक्टरकडे त्यांच्याविषयीचे राजकीय अधिकार असत. कालक्रम शेजारी ठेवला तर चित्र स्पष्ट होते. १८२१ मध्ये सरकारने पुण्याच्या शास्त्र्यांसाठी पाठशाळा उघडली आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी धरणगावी भिल्ल पलटण उभारण्यास सुरुवात केली. एकाच राजवटीने, चार वर्षांच्या अंतराने, एका समाजाला आपलेसे करण्यासाठी पोथी निवडली आणि दुसऱ्यासाठी बंदूक. दोन्ही निवडींचे परिणाम शंभर वर्षे टिकले.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन याच विषमतेवर बोट ठेवते. सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि त्यातून उच्च शिक्षणावर होणारा खर्च उच्चवर्णीयांच्या पदरात पडतो, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षणाकडे पाहावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. डेक्कन कॉलेजच्या कारभाऱ्यांना हे अन्यायाचे वाटले असणार, कारण त्यांच्या नजरेत प्रवेशाचा नियम सर्वांना सारखा होता. नियम सारखा होताही. पण मॅट्रिकपर्यंत नेणारी शाळा, शाळेपर्यंत नेणारा रस्ता आणि रस्त्यावर पोराला धाडण्याएवढी फुरसत ही सातपुड्याच्या पायथ्याशी नव्हती. ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत ते नंदुरबार-अमळनेर हा पट्टा १९०० च्या सुमारास जोडला, आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटाही त्याच सुमारास आला. काठीपासून मात्र नंदुरबारचे स्थानकदेखील डोंगर उतरून आणि तापी ओलांडूनच गाठावे लागे. खानदेशाने पुण्याला विद्यार्थी दिले ते बहुतांशी तापीच्या दक्षिणेकडील गावांतून आणि शहरांतून. महाविद्यालय १९४५ मध्ये अमळनेरला प्रताप कॉलेजच्या रूपाने निघाले, तेव्हा पूर्व खानदेशातही हा प्रवास प्रथमच काही कमी झाला.

बंद होणे आणि पुन्हा उघडणे

हंटर आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढावे, हा विचार बळावला आणि डेक्कन कॉलेज खासगी संस्थेकडे सोपवण्याची चर्चाही झाली. ती तेव्हा थांबली; जागतिक मंदीच्या काळातील काटकसरीने मात्र महाविद्यालयाचा घास घेतला आणि १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. पुण्यात तोवर फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालय चांगली चालू होती, त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांची अडचण मोठी झाली नाही. अडचण झाली ती माजी विद्यार्थ्यांच्या मनाची. त्यांच्या संघटनेने सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि जीजीभाई घराण्याच्या देणगीतील शैक्षणिक हेतूचा आधार घेतला. विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयासाठी सरकारवर खटला भरावा, हे त्या काळी नवीनच होते. १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, पण पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन यांपुरतीच; बी.ए.चे वर्ग, नौकाक्लबचा गलबला आणि पंक्तींचे क्लब यांचा काळ संपला होता. खोल्यांत आता थोडे, वयाने मोठे, एम.ए. आणि पीएच्.डी.चे विद्यार्थी राहू लागले.

नव्या संस्थेत हसमुख धीरजलाल सांकळिया पुरातत्त्व आणि इरावती कर्वे समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकवू लागल्या. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या संचालकपदाच्या काळात १९४८ मध्ये संस्कृत कोशाचे प्रचंड काम सुरू झाले आणि १९५० च्या दशकात भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या. कर्वे यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीची पाहणी करून ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे काठीच्या परिसरातील समाज डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात प्रथम पोहोचला तो अभ्यासाचा विषय म्हणून. अभ्यासक म्हणून त्याने प्रवेश करण्यास आणखी वेळ होता.

त्या वेळेची तयारी अन्यत्र होत होती. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि १९४८ मध्ये अनुसूचित जमातींना लागू झाली. दक्षिणेच्या पैशावर सुरू झालेल्या विद्यार्थिवेतनाच्या इतिहासात हा महत्त्वाचा टप्पा आहे, कारण येथे प्रथमच सर्वांत दूरच्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून रक्कम ठरवली गेली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि खानदेशातील महाविद्यालये मुंबईऐवजी त्याला जोडली गेली. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये निघाल्यावर पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव एवढे पाच जिल्हे राहिले. त्यामुळे अक्कलकुव्याकडील मुलाची गुणपत्रिका, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आणि स्थलांतर प्रमाणपत्र या सगळ्याचे टपाल पुण्याच्या गणेशखिंडीत जाऊन परत येई. वसतिगृहात न राहता पदवी घेणारे असे विद्यार्थी हेच आता बहुसंख्य झाले होते, आणि त्यांचे विद्यापीठाशी नाते जुन्या मुंबई विद्यापीठाच्या काळासारखेच, परीक्षेपुरते, राहिले.

१९९० हे वर्ष या दोन्ही कथांत येते. ५ मार्च १९९० रोजी डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःची पदवी स्वतः देण्याचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होऊन धुळे आणि जळगाव हे जिल्हे पुण्यापासून वेगळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाल्यावर तोही त्याच विद्यापीठाकडे राहिला. डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाने अलीकडे मराठीच्या बोलींचे राज्यव्यापी सर्वेक्षण हाती घेऊन त्यातील ध्वनिमुद्रणे अभ्यासकांसाठी खुली केली आहेत. अहिराणीच्या आणि भिल्ल बोलींच्या सीमेवरील खानदेश त्या कामाला सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयुक्त प्रदेशांपैकी एक आहे, आणि त्यासाठी त्या बोली घरी बोलणाऱ्या, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणांची गरज विभागाला पुढेही लागणार आहे.